चेंडू पायात नसताना

तमालेच्या या मैदानावर रेघा मी मारतो.
सतरा वर्षं झाली. चुना, भोकं पाडलेला डबा, एक दोरी.
हरमाटन सुटला की वाळवंटातली धूळ येते
आणि दुपारपर्यंत माझी पेनल्टीची चौकट पुसून टाकते.
मी पुन्हा मारतो.
रेघ सरळ हवी तर पायाकडे बघायचं नाही,
पलीकडच्या कडुलिंबाकडे बघत चालायचं.
एवढं एकच शास्त्र मला येतं.

आज निवड चाचणी.
कोणी येंदीहून ट्रकच्या टपावर आलंय,
कोणी सावेलुगूहून मोटरसायकलवर चौथा.
छातीवर आकडे आहेत, बूट मात्र कमी.
दोन भावांत एक जोडी: आधी धाकटा खेळणार,
मग थोरला, धाकट्याच्या घामात पाय घालून.

आंब्याखाली तीन प्लास्टिकच्या खुर्च्या.
मान भाजलेला एक परदेशी, एक पेंगुळलेला म्हातारा,
आणि अक्राहून आलेली बाई,
जिच्या मांडीवर वही आहे नि पेनाचं टोपण बंद.

तो धाकटा म्हणजे बत्तीस नंबर. वुम्पिनी.
शेजारच्या सलामातूचा.
काल रात्री येऊन उंबऱ्यात बसला.
"काका, काय केलं की मी त्यांना दिसेन?"

मी त्याला माझी गोष्ट सांगितली.
कुमासीत, एकोणीस वर्षांचा असताना,
मी चौघांना चकवलं, मग पाचव्यालाही,
आणि वळून पाहिलं तर साहेब शेंगदाणे सोलत होते.
तेवढ्यात चेंडू गेला.
मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो,
आणि नेमकी तेव्हाच त्यांनी मान वर केली.

वुम्पिनी हसला नाही.
"मग?" म्हणाला.
मग काय. मग चुना.

शिट्टी.
गुळाला मुंगळे लागावेत तशी सगळी पोरं चेंडूला.
अकरा नंबर टाचेनं चेंडू डोक्यावरून घेतो,
भिंतीवरची गर्दी खुळी होते.
खुर्च्या गप्प.
बाई बघते तिकडे, जिथे चेंडू नाहीच:
कोण मोकळ्या जागेत सरकतोय,
कोण ओरडून सांगतोय, मागे माणूस आहे, मागे!
कोण पंचाशी हुज्जत घालतोय,
पाण्याची पिशवी फोडून आधी कोण पितो.
मला ठाऊक आहे. मी कायम खुर्च्यांमागेच उभा असतो.
अक्षरं वाचता येत नाहीत मला, आकडे येतात.
आणि पेन कधी हलतं, ते दिसतं.

वुम्पिनीचा डावा पाय नुसता टेकायला.
तरी पास डाव्यावर आला तेव्हा
तो गिरकी घेत बसला नाही,
ढकलला तसाच, बेढब,
पण ज्याला जायचा त्याला गेला.

मग हरवला चेंडू. माझ्याच रेघेवर.
कपाळाला हात नाही, आभाळाकडे बघणं नाही,
उघड्याबोडक्या जमिनीला शिवी नाही.
वळला आणि पळत सुटला,
तांबड्या धुरळ्यात नुसता आकडा दिसत होता,
मध्येच आडवी आलेली गिनी कोंबडी पंख झापडत उडाली,
आणि पार आपल्या गोलासमोर
त्यानं पाय घातला.
चेंडू बाहेर.
ज्याला पाडलं त्याला हात देऊन उठवलं,
आणि लगेच जागेवर.

टोपण उघडलं.
मी डबा घेऊन मुद्दाम मागून गेलो.
बत्तीस.
पुढे एक शब्द, लहानसा,
त्याच्याखाली रेघ. वाकडी.

संध्याकाळी गाडी गेली. कळवू म्हणाले.
वुम्पिनी बूट काढून केव्हाच अनवाणी बसलेला,
भावाच्या खेळात काय चुकलं ते भावाला सांगत.
त्या शब्दाबद्दल मी बोललो नाही.
काय सांगणार, दिसला म्हणून?

नंबर सलामातूचा दिलाय.
फोन तिचा, चार्जर माझा.
आमच्या गल्लीत वीज नऊला येते.
साडेआठपासून तिघं माझ्या भिंतीला टेकून बसलेत,
प्लगाकडे बघत.